सात आठवडे, दोन दिवस

सकाळी साडेसातला पॅडवर डाग निघाला. मधे तांबूस, कडेला पिवळसर, जुन्या भिंतीला ओल येते तसा. दोन दिवस पॅड कोरं निघत होतं आणि दोन दिवस मी स्वतःला बरी समजत होते, म्हणजे चूक माझीच. मी बाथरूममध्ये उभ्या उभ्या तो डाग व्हर्नियरने मोजला. अकरा पूर्णांक चार मिलिमीटर. यात हसण्यासारखं काही नाही. मी जबलपूरला रिछाईच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे, मोजल्याशिवाय मला कशाची नीट भीतीसुद्धा वाटत नाही. मग फोटो काढला, बाजूला व्हर्नियर दिसेल असा, आणि इंदूरच्या हॉस्पिटलातल्या पूर्णिमा सिस्टरला पाठवला. ऑपरेशन झाल्यापासून सात आठवडे आणि दोन दिवसांत मी तिला एकशे त्रेचाळीस फोटो पाठवले आहेत. तिच्या फोनमध्ये तिच्या स्वतःच्या मुलाचे इतके नसतील. खाली असलेलं वर आलं, वरचं आत गेलं, आतल्याला बाहेरून बघायचं कसं, असले प्रश्न मी तिला विचारते आणि तिचं उत्तर ठरलेलं असतं. आजही तेच आलं. नॉर्मल है दीदी. खाली जोडलेले हात.

सूज नॉर्मल. डावीकडची सूज उजवीकडच्यापेक्षा जास्त, तेही नॉर्मल. लघवीची धार सरळ न जाता चारी दिशांना उडते, नॉर्मल. बडा फुहाऱ्याला, म्हणजे आमच्या बाजारातल्या कारंज्याला, इतकं पाणी माझ्या जन्मात उडालेलं नाही, असं मी लिहिलं होतं, तर तेही नॉर्मल. बसल्या बसल्या आत विजेचा झटका लागतो, कारण नसा जाग्या होऊन राहिल्या आहेत. डाव्या बाजूला एका ठिकाणी काहीच कळत नाही, सुन्न, बर्फ लावून ठेवल्यासारखं. परत येतं दीदी, सहा महिने, किसी को एक साल. आत कधी कधी नवं मांस दाणे धरून वाढतं, त्यातून असा डाग लागतो, पुढच्या तपासणीत डॉक्टर औषधाची काडी लावतील. हॉस्पिटलच्या कागदावर घाबरायच्या गोष्टी फक्त तीन आहेत: ताप, घाण वास आणि तासात भिजलेलं पॅड. बाकी सगळं पास. माझ्या धंद्यात असं चालत नाही. आमच्याकडे बुश येतात, म्हणजे मधे आरपार भोक असलेले लोखंडाचे गोल तुकडे. भोकात गेज घालायचा. गेजची हिरवी बाजू आत गेली पाहिजे आणि लाल बाजू जाता कामा नये. हिरवी अडली तर रिजेक्ट, लाल गेली तर रिजेक्ट. नॉर्मल नावाचा डबाच नाही. सहा वर्षं मी दिवसाला चारशे भोकांत गेज घातला आणि भोकाला काय वाटत असेल, हे माझ्या मनाला एकदाही शिवलं नाही. आता दिवसातून तीन वेळा, पंचवीस-पंचवीस मिनिटं, पाठीवर पडून मी स्वतःच्याच तपासणीला असते. हॉस्पिटलने दिलेले डायलेटर, म्हणजे नवी वाट मिटू नये म्हणून आत घालायच्या कांड्या, चार मापांचे आहेत आणि सगळेच्या सगळे जांभळे. डॉक्टरांना मी विचारलं होतं, टॉलरन्स किती, म्हणजे किती कमी-जास्त चालेल. ते हसले. माणूस चांगला आहे, पण ज्याचा माल परत येत नाही तो असाच हसतो.

ती पंचवीस मिनिटं छताकडे बघत काढायची असतात. सिस्टर म्हणाली होती, काहीतरी चांगलं डोळ्यांसमोर आणा, नदी, डोंगर, अंग सैल सोडा. मी भेडाघाटचा धबधबा आणून बघितला. अंग आणखी आवळलं. मग एके दिवशी, दुसऱ्या आठवड्यात, मोठेबाबा आठवले आणि सगळं आपोआप सैल झालं. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे मोठे भाऊ, नारायणराव गजभिये, रिटायर्ड स्टोअरकीपर, आमच्या विहार कमिटीचे सचिव. छतावर ते पांढऱ्या सफारीत उभे असायचे, हातात माइक, आणि मी समोर बसलेली असायचे, पहिल्या रांगेत. बस इतकंच. पंचवीस मिनिटं कशी गेली कळायचं नाही. ऑपरेशन मी सूडासाठी केलं नाही, हे आधीच सांगते. ते मी माझ्यासाठी केलं, अकराव्या वर्षापासून मला माहीत होतं तसं. बरी मात्र मी सूडासाठी होत होते. आणि म्हणूनच प्रत्येक डाग, प्रत्येक झटका मला मोठेबाबांनी पाठवलेला माणूस वाटायचा. जखम बिघडली, पुन्हा टेबलावर जावं लागलं, तर त्यांना कळेलच, आणि ते काहीसुद्धा बोलणार नाहीत. नुसती मान हलवतील. ती मान मला आजन्म दिसत राहील.

वडील दोन वर्षांआधी गेले. पुंडलिक गजभिये, टर्नर, तीस वर्षं लेथवर. घरी वरच्या माळ्यावर मोठेबाबा राहायचे म्हणून ते मला फोन करायचे कारखान्याच्या सायकल स्टँडवरून. मागे सायकली पडल्याचे आवाज यायचे. निलू, जेवली का? एवढंच विचारायचे आणि मग माझ्या कारखान्यातल्या मापांबद्दल बोलायचे, कारण निलू म्हटल्यावर दोघांनाही पुढचं काही सुचायचं नाही. व्हर्नियर त्यांचाच. ते गेले त्या दिवशी मी जबलपुरातल्याच गोरखपूर भागात आमच्या घरी गेले, तर गेटवर मोठेबाबा होते. त्यांनी मला अडवलं नाही. आवाजही चढवला नाही. ते म्हणाले, "ये. पण कोणाची म्हणून येऊ नको." आणि हाताने जागा दाखवली, भिंतीजवळ, जिथे लोक चपला काढून राहिले होते. मी तिथे उभी राहिले. थोड्या वेळाने एका बाईंनी स्वतःच्या चपला माझ्या हातात दिल्या, बाई, जरा बाजूला ठेवजो. मग दुसऱ्यांनी. वडिलांना घेऊन गेले तेव्हा मी एकशे बारा जोड सांभाळून होते. एकही हरवला नाही. उलट एक जास्त निघाला.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी विहारात मोठेबाबांनी माइकवरून सांगितलं की पुंडलिकचा एकुलता एक मुलगा अश्वजीत ट्रेनिंगला विशाखापट्टणमला आहे, सुट्टी मिळाली नाही. अश्वजीत हे माझं जन्मनाव. तेव्हा मी त्यांच्यापासून वीस फुटांवर होते, चपलांजवळच. अर्ध्या विहाराला मी कोण ते माहीत होतं, आणि अर्ध्यांना माहीत होतं म्हणूनच बाकीच्या अर्ध्यांना कोणी सांगत नव्हतं. खोटं तिथे थांबलं असतं तर मी कदाचित सोडून दिलं असतं. पण मोठेबाबा स्टोअरकीपर. एकदा नोंद केली की ती पुढे चालवायची त्यांना सवय. पहिल्या वर्षी अश्वजीत कायम झाला. मग त्याला प्रमोशन मिळालं. दिवाळीत तो सिंगापूरला गेला, डेप्युटी मॅनेजर, क्वार्टर समुद्राकडे तोंड करून. मागच्या उन्हाळ्यात विहारात भिंतीवरचा एक पंखा लागला, त्यावर लाल रंगाने लिहिलेलं: अश्वजीत पुं. गजभिये, सिंगापूर, यांच्याकडून सप्रेम. पंखा मोठेबाबांनी स्वतः आणला होता. आईला लोक रस्त्यात थांबवून अभिनंदन करायचे. बालाघाटची दोन स्थळं आली. एकदा आईने मला फोनवर विचारलं की अश्वजीतला तिकडे जेवायचं कसं जमत असेल. मला त्याचा राग नाही. चांगला निघाला पोरगा. माझ्यापेक्षा पगार जास्त, आजारपण नाही, एक फोन नाही, एक तक्रार नाही. मोठेबाबांना हवा होता तसा, अगदी मापात. तो मेला तरच मला कोणाची तरी म्हणून आत येता येणार होतं, एवढीच त्याची आणि माझी अडचण.

ऑपरेशननंतर आई माझ्याकडे आली. वरच्या माळ्यावर मोठेबाबांना तिने सांगितलं की बहिणीकडे नागपूरला चालली. त्यामुळे सात आठवडे माझी आई कलावती जबलपुरात नागपूरला होती, घरापासून सहा किलोमीटरवर. दर दोन दिवसांनी ती वर फोन करायची आणि त्याआधी मला मोबाइलवर नागपूरचं तापमान बघायला लावायची. भाजीला जाताना तोंडावर ओढणी गुंडाळायची, डोळ्यांवर माझा गॉगल. एकदा भर दुपारी भाजीच्या गाड्यावर मोठेबाबांच्या मागेच उभी राहिली आणि वांगी घेऊन आली. मला उकळलेलं पाणी, मला बसायचा टब, माझे पॅड काळ्या पिशवीत. तिने काहीही विचारलं नाही. तिसऱ्या आठवड्यात मी डायलेटर धुऊन वाळत ठेवले होते खिडकीत, चारही, उंचीप्रमाणे, तर बराच वेळ बघून म्हणाली, "हे मोठं वालं कधी लागन?" मी म्हटलं, तीन महिन्यांनी. ती म्हणाली, बरं. आणि त्यावर रुमाल झाकला, जसा विरजणावर झाकते.

तर आज सकाळी अकरा वाजता वडिलांचा दुसरा स्मृतिदिन, विहारात. माझा बेत साधा होता. पहिल्या रांगेत बसायचं, फोटोला फूल वाहायचं, माइकवर जाऊन म्हणायचं की मी पुंडलिकरावांची मुलगी, आणि मग पाठ असलेली अकरा मिनिटं बोलायची, मोठेबाबांच्या तोंडावर. आणि आमच्यात अशा दिवशी सगळे पांढरं नेसतात. साडी मी दोन महिन्यांआधी घेऊन ठेवली होती, पांढरी स्वच्छ, काठ निळा. आता कपाटातून ती माझ्याकडे बघून राहिली होती आणि मी अकरा पूर्णांक चार मिलिमीटरकडे. आईला दाखवलं. तिने चष्मा लावून पॅड उजेडात धरलं. मी म्हटलं, सिस्टर म्हणते नॉर्मल. आई म्हणाली, "ताप हाय का? वास हाय का? नाही ना? मंग दोन लाव आन् चाल." मी म्हटलं, पांढरी आहे आई. दिसलं तर मोठेबाबा जिंकले. ती पिशवीत संत्री भरत होती. आज तिला नागपूरहून परत यायचं होतं, म्हणून काल बडा फुहाऱ्यावरून नागपूरची संत्री आणली होती. ती म्हणाली, "काहून? त्यांनी कधी धुतली काय पांढरी साडी?"

बसायचाही प्रश्न होता. जमिनीवर सरळ बसलं की टाक्यांवर वजन येतं. मधे भोक असलेली गोल उशी लागते. माझी उशी चौथ्या दिवशी फुटली होती आणि मेडिकलवाला भैया तीन आठवडे उद्या म्हणत होता, म्हणून मी खेळण्यांच्या दुकानातून लहान मुलांची पोहायची ट्यूब घेतली होती, फुगवायची. त्यावर बदकं आहेत. दहा पिवळी बदकं, सगळी एकाच दिशेला बघणारी. सूड घ्यायला निघालेल्या बाईने काखेत बदकं घेऊन जाऊ नये, हे मला कळतं. पण सात आठवड्यांत मी एवढं शिकले आहे की अंगाला आपला आब समजत नाही. ऑटोमध्ये प्रत्येक खड्ड्याला मी दोन्ही हातांवर उचलली जात होते आणि आई ड्रायव्हरला सांगत होती, भैया, आराम से, लंबे सफर से आए हैं.

विहारात चपलांचा ढीग होता तिथेच, भिंतीजवळ. मी माझ्या चपला काढल्या आणि पहिल्यांदा त्या कोणाच्या तरी भरवशावर सोडून आत गेले. पहिल्या रांगेत ट्यूब ठेवली, वर साडी पसरली, बसले. एक बदक मात्र बाहेर राहिलं. लोकांनी बघितलं आणि मग जोरात न बघायला सुरुवात केली. उजवीकडे अश्वजीतचा पंखा फिरत होता; दर सहा सेकंदांनी सिंगापूरचा वारा माझ्या तोंडावर यायचा. मोठेबाबांनी मला पाहिलं तेव्हा ते माइकची उंची ठीक करत होते. हात थांबला, मग पुन्हा चालू झाला. त्रिशरण, पंचशील झालं. वंदना म्हणताना त्यांचा आवाज कापला नाही, आणि माझाही नाही. मी आतल्या आत त्यांच्या पुढच्या वाक्याची वाट बघत होते. अश्वजीतला सुट्टी मिळाली नाही, एवढं ते म्हणाले की मी उठणार होते.

ते म्हणाले, अश्वजीतला सुट्टी मिळाली नाही. थांबले. माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, साडीकडे, बदकाकडे. त्यांच्या डोक्यात कुठला तरी खण उघडल्याचं मला दिसलं. मग हसून म्हणाले, "पण त्यानं सूनबाईला पाठवलं आहे. ह्या आपल्या सूनबाई."

टाळ्या पडल्या. खरंच पडल्या, मागच्या दोन बायकांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी माझ्याच न झालेल्या नवऱ्याची बायको होऊन वडिलांच्या फोटोसमोर बसले होते आणि मानायला हवं, माणूस हुशार आहे. पाच आठवडे मी छतावर जे बांधलं होतं ते त्यांनी एका वाक्यात स्टॉकमध्ये जमा करून टाकलं. पाठ केलेली अकरा मिनिटं गेली. त्यातलं एकही वाक्य आता उपयोगाचं नव्हतं. आणि नेमकं तेव्हाच खाली काहीतरी कोमट सरकलं. थेंब, की दोन थेंब, की नुसताच घाम. ती डावी बाजू सुन्न, तिला काय विचारणार. उठले तर डाग, बसले तर सून. शाळेत आठवीत असताना मुलांच्या रांगेत उभी राहून मी बघायचे, कॉरिडॉरमध्ये मुली अशा चालायच्या, एक पुढे आणि एक तिच्या मागे चिकटून, दोघींची पावलं एका मापात, पुढचीच्या पाठीवर दप्तर नको तितकं खाली आलेलं. मला तेव्हा त्या डागाचा हेवा वाटला नव्हता. मागे चालणारीचा वाटला होता.

मी ट्यूबवर दोन्ही हात टेकले आणि उठले. मागे बघायला मान वळवली नाही. दोन पावलं गेले तर पाठीला काहीतरी लागलं, संत्र्यांची पिशवी, आणि पिशवीमागे आई. तिला मी बोलावलं नव्हतं. ती माझ्या पावलात पाऊल टाकून चालत होती, इतकी जवळ की तिचा श्वास माझ्या मानेवर येत होता. "चाल," ती म्हणाली, "मी हावो मागं." असं आम्ही दोघी पंधरा पावलांत माइकपाशी गेलो. मोठेबाबांनी माइक सोडला, कारण सुनेच्या हातून माइक ओढून घेणारा सासरा त्यांना चारचौघांत व्हायचं नव्हतं.

मी म्हटलं, "मोठेबाबांचं वय झालं, त्यांची गडबड होते. मी सून नाही. मी पुंडलिकरावांची मुलगी, नीलिमा." मग थांबले. पुढे काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. तेवढ्यात पंख्यावरचं लाल नाव दिसलं. "आणि सांगायला वाईट वाटतं, पण अश्वजीत आता नाही. सात आठवडे दोन दिवस झाले. ऑपरेशन होतं. त्यातच गेला."

मी काही मेले नव्हते, हे मला माहीत आहे. मी त्या टेबलावर जशी गेले तशीच उतरले, फक्त जास्त दुखत होतं. जो गेला तो मोठेबाबांचा होता, सिंगापूरचा, समुद्राकडे तोंड करून राहणारा, आणि तो गेला नाही असं म्हणायला त्यांना आधी म्हणावं लागलं असतं की तो नव्हताच. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांचं तोंड उघडलं. आणि मग वीस वर्षं सचिव असलेल्या माणसाच्या तोंडून, कुठल्याही मृत्यूची बातमी माइकवर आली की जे निघतं, तेच निघालं. त्यांनी ते म्हणायचं ठरवलं नव्हतं, तोंडालाच सवय. ते म्हणाले, "दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू या."

सगळे उभे राहिले. ज्यांना माहीत नव्हतं ते आणि ज्यांना सगळं माहीत होतं तेही, माना खाली घालून. मी उभी, आई माझ्या मागे, समोर वडील फोटोत, आणि दर सहा सेकंदांनी अश्वजीतचा वारा येऊन माझ्या पदराला हलवून जायचा. दोन मिनिटं हलता येत नाही. खालचं कोमट काय आहे ते दोन मिनिटं मला बघता येणार नव्हतं, आणि पहिल्यांदाच मोजावंसंही वाटलं नाही. दुसऱ्या मिनिटाला मोठेबाबांचे खांदे हलायला लागले.

नंतर लोक रांगेने त्यांना भेटायला गेले. माझ्याकडेही आले, भाऊ गेला तुझा म्हणून. एका म्हाताऱ्या बाईंनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, बापावर गेली पोरगी. मोठेबाबांना कोणीतरी खुर्ची दिली. कोणी विचारलं, कसं झालं अचानक, आणि मला ऐकू आलं, ते सांगत होते. हृदयाचं ऑपरेशन. फार मोठे डॉक्टर होते. शेवटपर्यंत हसून राहिला होता. आवाज फाटत होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, खरं, सफारीच्या खिशावर पडून डाग पडत होते, मधे गडद, कडेला फिक्के. दोन वर्षं त्यांनी त्याला वाढवलं होतं. मी कुठे राहते, हे त्यांनी दोन वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

"एवढंसं लागलं," आई मागून कानात म्हणाली. "धुतलं म्हंजे निघन."

मी मोठेबाबांकडे बघत होते. इतके दिवस छतावर बघितलेली गोष्ट ही नव्हती. तिथे ते ओशाळायचे, इथे ते रडत होते. आता आनंद व्हायला हवा होता, किंवा निदान वाईट वाटायला हवं होतं. मी आत चाचपून बघितलं, रोज बघते तसं, इथे कळतं का, इथे कळतं का. काहीच नाही. बर्फ लावून ठेवल्यासारखं. मी फोन काढला, सिस्टरला लिहायला घेतलं आणि पुसून टाकलं. तिचं उत्तर मला पाठ आहे. परत येतं म्हणतात. सहा महिने, कोणाला वर्ष. मला घाई नाही.